कागदावरचा करार आणि काळजावरचा करार

मार्गशीर्षातील गुरुवारांचे महालक्ष्मीव्रत आणि ख्रिस्ती बांधवांचा नाताळ हे दोन्ही बहुधा मागेपुढेच येतात. इकडे शेवटच्या गुरुवारी उद्यापन होऊन सवाष्णींना हळदकुंकू लावले जाते, तोच तिकडे बल्लारपूर, चंद्रपूर भागातील ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्यांचे कंदील लागू लागतात. धानाची कापणी उरकलेली असते, खळ्यांवर मळणी चाललेली असते आणि वैनगंगेच्या काठी सकाळी धुके उतरते. शेजारच्या घरून आलेला फराळ आपण प्रेमाने घेतो, डबा रिकामा परत न धाडण्याचा रिवाजही पाळतो. परंतु ज्या श्रद्धेचा हा सण, तिचा गाभा काय, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. गोठ्यातील जन्माची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेच्या मागे उभा असलेला एक शब्द मात्र आपल्या ध्यानी आलेला नसतो. तो शब्द ‘करार’.

मराठी ख्रिस्ती घरांत वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्राचे दोन भाग आहेत, ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द आपल्या कानाला देवघरातला वाटत नाही, कचेरीतला वाटतो. करार म्हटला की मुद्रांक, साक्षीदार, मुदत आणि मुदतीनंतरचा तंटा डोळ्यांपुढे येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांना तर तो फारच परिचयाचा. तेंदूपानांचा करार, बांबूचा करार, कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणींचे करार. ह्या करारांनी जंगलातल्या माणसाचे जगणे पिढ्यान्‌पिढ्या घडविले आणि बिघडविलेही. तेव्हा देव आणि मनुष्य यांच्या नात्याला हेच नाव देणाऱ्या धर्माविषयी एखाद्या भाविकाच्या मनात ‘ही काय देवाशी देवघेव?’ असा प्रश्न उभा राहिला, तर त्यात नवल नाही. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते.

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या ग्रंथाच्या पहिल्याच पुस्तकात आहे. प्राचीन पश्चिम आशियात दोन पक्षांचा करार व्हावयाचा, तेव्हा पशू कापून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडीत आणि दोन्ही पक्ष त्यांच्या मधून चालत जात. वचन मोडले तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. आपल्या घरांतील वाचकांना हे चित्र अंगावर काटा आणणारे वाटेल. पण पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वृद्ध, निपुत्रिक अब्राहामाशी परमेश्वर करार करतो, तेव्हा मांडणी सगळी होते, सूर्य मावळतो, अब्राहामाला गाढ झोप लागते आणि त्या अंधारात धुमसती शेगडी आणि जळती मशाल अशा रूपाने मधून जातो तो एकटा परमेश्वर. अब्राहामाला चालावे लागतच नाही. शपथेचा सगळा भार बलवान पक्षाने स्वतःवर घेतला आणि दुर्बल पक्ष निजलेला होता! असला करारनामा कोणत्याही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविला जाणार नाही.

आपल्या परंपरेत ह्याला जवळचे काय आहे? नवस नव्हे. ‘हे झाले तर ते करीन’ अशी नवसाची भाषा असते आणि ती देवघेवीचीच भाषा आहे. तिला आम्ही हसत नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईने चंद्रपूरच्या महाकालीला बोललेला नवस हसण्याजोगा नसतोच. तरी नवस आणि व्रत हा भेद आपल्या घरांतील आजीबाईसुद्धा जाणतात. सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आठवावा. मुलगी झाली की पूजा करीन म्हणाला, झाल्यावर तिच्या लग्नात करीन म्हणाला, लग्न झाले आणि विसरला. तो पापी होता असे कथा म्हणत नाही. तो व्यापारी होता आणि देवाशीही व्यापाऱ्याच्या सवयीने वागला. उलट हरिश्चंद्राने किंवा दशरथाने दिलेला शब्द पाळला, तो फायद्यासाठी नव्हे. दिलेला शब्द हीच त्यांची ओळख होती. हिब्रू भाषेतील ज्या शब्दासाठी मराठी भाषांतरकारांनी ‘करार’ हा शब्द योजिला, त्याचे नाते ह्या दुसऱ्या प्रकाराशी आहे. कदाचित ‘वचनबंध’ म्हटले असते तर अर्थ लवकर पोचला असता. पण शब्द एकदा रुळला की तो रुळलाच.

आता हा वचनबंध रोजच्या जगण्यात कसा उतरावयाचा? येथे जुना करार आकाशातून थेट शेतावर येतो, आणि धानाच्या मुलखातील माणसाला तो भाग विशेष आपलासा वाटेल. कापणी करताना बांधाच्या कडेकोपऱ्यापर्यंत विळा घालू नये. पडलेली कणसे वेचावयास मागे फिरू नये. तो सरवा विधवेचा, अनाथाचा आणि परक्याचा आहे. रूथ नावाची परदेशी विधवा अशा सरव्यावरच आपल्या सासूला जगविते आणि तिच्याच वंशात पुढे दावीद राजा, आणि कित्येक पिढ्यांनी येशू, जन्माला येतो. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर रात्र होण्याआधी परत करावे. तो कशात निजेल? मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये. सातव्या दिवशी धन्याने विसावा घ्यावा आणि त्याच्याबरोबर दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका ह्या सर्वांना विसावा मिळावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणाऱ्या वैदर्भीय शेतकऱ्याला ह्यात परके असे काय वाटावे!

ह्या आज्ञांमागे दिलेले कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि तुम्हांला सोडविले गेले, म्हणून तुमच्या दारच्या परक्याशी असे वागा, असे ते कारण आहे. आधी उपकार, मग आज्ञा. आज्ञा पाळलीत तर सोडवीन, असा क्रम तेथे नाही.

अर्थात माणसे माणसेच. ह्या करारातील लोकांनी तो पुनःपुन्हा मोडल्याची कबुली त्यांच्याच ग्रंथात पानोपानी आहे, आणि आपल्या पूर्वजांचे दोष इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवणारा ग्रंथ म्हणून आम्हांला त्याचे कौतुक वाटते. होशेय संदेष्ट्याने तर ह्या मोडलेल्या कराराला मोडलेल्या संसाराची उपमा दिली, आणि सोडून गेलेल्या पत्नीला पुन्हा घरी आणणाऱ्या पतीच्या रूपात परमेश्वर दाखविला. यिर्मयाने पुढे सांगितले की, दगडी पाट्यांवर लिहिलेले नियम पुरले नाहीत, तेव्हा नवा करार काळजावर लिहिला जाईल. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हा नवा करार येशूने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री, शिष्यांसमवेतच्या शेवटच्या भोजनात, भाकर आणि प्याला हाती घेऊन केला. त्याच रात्री त्याने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतल्याचे योहान सांगतो. ज्याने पाय धुतले त्याने प्याला दिला. म्हणून चर्चमधील प्रभुभोजनाला आलेल्या ख्रिस्ती माणसाने आधी भावाशी असलेला तंटा मिटवावा, ही अपेक्षा असते. बाप्तिस्मा आणि विवाह ही त्या कराराची दोन मोठी द्वारे. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात, असे जे वचन विवाहात उच्चारले जाते त्यात ‘जर’ हा शब्द नसतो. मेथॉडिस्ट पंथात तर जॉन वेस्ली यांनी १७५५ साली घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे नववर्षाच्या आरंभी सारी मंडळी एकत्र उभी राहून हा करार नव्याने उच्चारतात. पण हे झाले वर्षाचे. रोजचे म्हणजे संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, घासाआधीचे उपकारस्तवन, मिळकतीतला काही भाग बाजूला काढणे आणि रागात असताना तोंड आवरणे. शेवटचे सर्वांत कठीण, हे कोणत्याही धर्माच्या गृहिणीला विचारावे.

आमच्या भागात हा करार आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने तेव्हाच्या चांद्यात मिशन काढले. तेथे आपल्या उमेदीची वर्षे घालविलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग ह्या विषयाला इतका लागू आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३२ साली व्हेरियर एल्विन हा तरुण इंग्रज पाद्री श्यामराव हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती मित्रासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेला. त्याला धर्मविधी चालविण्याचा परवाना हवा होता. बिशपसाहेबांनी ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ मागितली. गांधीजींकडे ओढलेल्या एल्विनने ती घेण्यास नकार दिला आणि परवाना मिळाला नाही. देवाशी केलेल्या कराराला सरकारशी केलेल्या कराराची जोडचिठ्ठी लागावी का, हा तो पेच. एल्विन पुढे चर्चमधून बाहेर पडला. वुड वाईट मनुष्य होते असे नव्हे. गोऱ्या साहेबाच्या काळात चर्च आणि कचेरी यांची भिंत सामाईक होती, आणि त्या सामाईक भिंतीची आठवण आमच्या समाजाच्या मनात अजून आहे. ख्रिस्ती बांधवांनी त्या आठवणीचा राग मानू नये.

तसे पाहता स्वातंत्र्यानंतर ही भिंत पडली. १९६२ साली चांदा हे केरळच्या सिरो-मलबार चर्चला सोपविलेले केरळाबाहेरचे पहिले मिशनक्षेत्र झाले आणि बल्लारपूर हे त्याचे केंद्र. मल्याळी बोलणाऱ्या साध्वी गोंडी-मराठी शिकून ह्या रानात राहू लागल्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रते आपल्या संन्यासधर्माच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरांनी आपसातले भेद बाजूला ठेवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एक चर्च स्थापिले. बोलणी चाळीस वर्षे चालली होती. दक्षिण आशियाचे मेथॉडिस्ट चर्च मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. करार करणे सोपे नसते, हे करारावरच उभ्या असलेल्या धर्माच्या माणसांनीही अनुभविले.

परंतु कराराचे सर्वांत ठळक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात द्यावयाचे तर ते आम्हांला कोणत्याही चर्चमध्ये सापडत नाही. ते वरोऱ्याला आहे. पावसात भिजत, सडत पडलेला एक कुष्ठरुग्ण पाहून बाबा आमटे यांच्यासारखा निधड्या छातीचा मनुष्य भयाने पळाला, ही कथा त्यांनी स्वतःच सांगितली. त्या भयाची लाज वाटून ते परत फिरले. १९५१ साली खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले, आणि साधनाताई त्या व्रतात अर्ध्या वाटेकरी झाल्या. जुन्या करारातील नियमाप्रमाणे कुष्ठरोग्याने छावणीच्या बाहेर राहावयाचे असे. येशूने त्याला हात लावून ती रेषा ओलांडली. बाबांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता, त्यांना त्याची आवश्यकताही वाटली नाही, परंतु त्या हात लावण्याचा अर्थ त्यांना कळला होता. पुढे २३ डिसेंबर १९७३ रोजी, नाताळाच्या दोनच दिवस आधी, भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाला आरंभ झाला. बाबांचा शब्द पुढे चालविण्यासाठी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे गेले आणि राहिले. ‘राहिले’ ह्या क्रियापदात सगळे आले.

आणि मग गाव. गोंड, माडिया गावालाही त्याचा करार आहे, जरी तो कोठे लिहिलेला नसला तरी. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळे. प्रत्येकाचे पेन, म्हणजे देव. पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड. नवे पीक देवाला दाखविल्याशिवाय तोंडात न घालण्याचा नेम. जिवंत, मेलेले आणि जंगल ह्यांच्यातला हा वचनबंध आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने ह्या जुन्या बंधाला आपल्या काळात नवे रूप दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तेथली घोषणा सर्वत्र गेली. पण तिच्या मागची शिस्त फारशी कोणी पाहिली नाही. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचेही मन राहिले असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी हे धैर्य जोपासले. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यासाठी गावात आले; २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली शेतजमीन ग्रामदानात ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निश्चय केला. ज्या बांबूचे करार पूर्वी गावाला न विचारता होत, त्याच बांबूवर गावाचा शब्द चालू लागला.

दारूच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे आणि टिकली आहे. चंद्रपुरात २०१० साली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरला पायी चालत गेल्या, १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. बंदी असताना चोरट्या दारूचा सुळसुळाट झाला, महसूल बुडाला, ही कारणे खोटी नव्हती. पण कायदा हा कागदावरचा करार. तो ज्यांनी केला त्यांना तो मोडताही येतो. ज्या गावांत बायकांनी आपसांत शब्द देऊन दारूचे अड्डे बंद केले होते, तेथला शब्द मंत्रिमंडळाच्या बैठकीत दिलेला नव्हता आणि म्हणून तेथे परतही घेता येत नव्हता.

येथपर्यंत सारे गोड आहे. खरा पेच पुढेच आहे आणि सणाच्या पानावर तो टाळणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एकाच गावात दोन करार आले म्हणजे काय व्हावयाचे?

ख्रिस्ती कराराची पहिलीच आज्ञा अशी की, माझ्यावाचून तुला दुसरे देव नसावेत. ही आज्ञा सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही; श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ती तशीच पाळावयाची असते. गावदेवाच्या पूजेची वर्गणी आली की त्या घराची पंचाईत होते. त्याने दिली तर त्याचे व्रत मोडते, न दिली तर गाव म्हणते की, आमच्या पूर्वजांशी असलेले नाते ह्याने तोडले. दोन्हीकडची माणसे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्यांना हा सगळा केवळ परदेशी पैशाचा खेळ वाटतो, किंवा ज्यांना ही सगळी केवळ कट्टरांची चिथावणी वाटते, त्या दोघांनीही अशा गावात चार दिवस राहिलेले नसते.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर विभागात हा पेच स्मशानापर्यंत गेला. बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती असलेले ते घर. गावच्या दफनभूमीत ख्रिस्ती मृतांसाठी तोंडी ठरलेली जागा होती आणि घरातील आधीची माणसे तेथेच पुरलेली आहेत, असे मुलाचे म्हणणे होते. गावकऱ्यांचा विरोध होता. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. देह तोवर शवागारात. २७ जानेवारीस दोन न्यायमूर्तींचे मतैक्य झाले नाही. एकाच्या मते घरच्या शेतात दफन होऊ द्यावे, दुसऱ्याच्या मते ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच व्हावे. देह फार दिवस पडून राहिल्याने दोघांनी मिळून करकापाल येथील, गावापासून वीसेक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दिला. वीस दिवस मातीविना! दहाव्या-तेराव्याचे महत्त्व जाणणाऱ्या आमच्या वाचकांना त्या घरातील स्त्रियांचे ते वीस दिवस कसे गेले असतील ते सांगावे लागणार नाही.

ह्याच काळात धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी पुन्हा जोर धरीत आहे. ती आजची नाही. खासदार कार्तिक उरांव यांनी ती १९७०च्या सुमारासच मांडली होती. अनुसूचित जातींच्या सवलतींना १९५०च्या आदेशाने धर्माची अट आहे, जमातींना ती नाही. जमातींना ती का नाही, ह्याचे कारण जमात म्हणजे कूळ, भाषा, रान आणि रक्त, असे घटनेच्या कामी लागलेल्यांनी मानले. ह्या वादाचा निवाडा संसद आणि न्यायालये करतील. आम्हांला त्यात एक गोष्ट खटकते, ती वेगळी. सवलतीसाठी देव धरावा किंवा सवलत जाईल म्हणून देव सोडावा, अशी भाषा दोन्ही बाजूंनी आता सहज वापरली जाते. साधुवाण्याचीच ही भाषा. तांदळाच्या पिशवीसाठी किंवा औषधाच्या गोळीसाठी केलेले धर्मांतर हे ख्रिस्ती शास्त्राच्याच मापाने करार नव्हे. ते दुकान आहे, आणि अशा दुकानाचा निषेध प्रथम चर्चने केला पाहिजे. काही ठिकाणी तो होतो, काही ठिकाणी होत नाही. तसेच, ज्या शास्त्रात परक्याला सरव्याचा हक्क आहे, त्या शास्त्राच्या अनुयायांनी तामिळनाडूत काही दफनभूमींत जातीजातींमध्ये भिंती राखल्या, हेही तेथल्या दलित ख्रिस्ती बांधवांनीच उघड्यावर आणले आहे. मेलेल्यांना दूर लोटण्याचा दोष कोणा एका धर्माच्या नावावर मांडता येत नाही.

मग आपल्या दोन जिल्ह्यांत काय व्हावे? आमचे मत असे की, बस्तरचे लोण येण्यापूर्वी ग्रामसभांनी हा विषय स्वतः होऊन घ्यावा, आणि तो मेंढ्याच्या रीतीने, कोणाचे मन मागे न ठेवता घ्यावा. पूजेच्या वर्गणीचा आग्रह गावाने सोडावा. त्याच्या बदल्यात, खरे म्हणजे बदल्यात नव्हे, गावाच्या इतर सर्व कामांत ख्रिस्ती घराने पहिल्या रांगेत असावे: वणवा विझविताना, तलावाची पाळ बांधताना, बांबूची राखण करताना, कोणाचे लग्न निघाले असता. देवापुढे हात न जोडणाऱ्या माणसाला गावापुढे हात जोडता येतात. आणि दफनाची जागा जिवंतपणीच ठरवून, ग्रामसभेच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. ज्या दिवशी घरात मृत्यू होतो त्या दिवशी ह्या गोष्टीची बोलणी करावयास लावणे हे कोणत्याही गावाला शोभणारे नाही. शहरांतील चर्चमंडळींनीही रानातल्या एकेकट्या कुटुंबाला नुसता बाप्तिस्मा देऊन परतू नये. ज्याला गावाबाहेर काढले जाण्याची भीती आहे, त्याच्यासाठी आधी गावाच्या उंबऱ्यावर जाऊन बसावे आणि गावकऱ्यांचे ऐकावे. ऐकायला सांगण्याइतका वेळ लागतो, त्याहून कदाचित अधिकच.

ह्या बाबतीत एक जुनी कथा दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडेल. ती अब्राहामाचीच आहे. ज्या देशाचे वचन त्याला मिळाले होते, त्या देशात तो आयुष्यभर परका म्हणून तंबूत राहिला. सारा वारली तेव्हा तिला मूठमाती देण्याइतकीही जमीन त्याच्या नावावर नव्हती. तो तेथल्या हेथी लोकांकडे गेला. देवाने मला हा देश दिला आहे, असे तो म्हणाला नाही. मी तुमच्यात परका आहे, उपरा आहे, मला एक कबर द्या, असे म्हणाला, आणि त्या देशच्या लोकांपुढे लवून नमला. त्यांचे देव निराळे होते, कुळे निराळी होती. ते म्हणाले, आमच्या कबरींपैकी उत्तम कबर निवडून घ्या. आमच्यातला कोणीही तुम्हांला नाही म्हणणार नाही. अब्राहामाने फुकट घेतली नाही. मकपेलाची गुहा आणि तिच्यापुढले शेत, त्यातील झाडांसकट, चारशे शेकेल रुपे तोलून देऊन त्याने विकत घेतले. हा व्यवहार वेशीत, येणाऱ्याजाणाऱ्या सर्व गावासमोर झाला. तेथे त्याने साराला पुरले, आणि पुढे त्यालाही त्याच्या दोन्ही मुलांनी, इसहाक आणि इश्माएल यांनी, एकत्र येऊन तेथेच पुरले.